पाळकसाहेब आणि राजाचं नाव

नोव्हेंबरातलं ऊन नॉटिंगहॅमला येतं तेच मुळी परतीच्या तयारीनं. दुपारी तीनच्या सुमाराला ते चॅपेलच्या उंच, बिनरंगी काचांतून तिरपं आत उतरायचं, बाकांच्या झिजलेल्या पाठींवरून सावकाश पूर्वेच्या भिंतीकडे निघायचं, आणि त्याच्यामागून, लाकडी खुर्ची फरशीवर खरडत, पाळकसाहेब सरकायचे. आमच्याकडे गच्चीवर घातलेले पापड उन्हामागे सरकवतात तसे ते स्वतःला सरकवत. खांद्यावर जाडी शाल, डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले, आणि पांढऱ्या केसांत तो फिकट, मधासारखा उजेड अडकून राहिलेला. शेवटी ऊन भिंतीवर चढून दिसेनासं झालं की ते डोळे उघडत आणि म्हणत, "चला, आजचा कोटा संपला." मग उठून दिवे लावत.

त्यांचं खरं नाव बायबलमधलं, भारदस्त होतं, पण ते मी कधी उच्चारलं नाही. नगरकडचे ख्रिस्ती लोक आपल्या धर्मगुरूला पाळकसाहेब म्हणतात. त्यांची मुलगी रूथ माझ्याशी बोलताना कधी पप्पा म्हणायची, कधी कौतुकानं पाळकसाहेब, आणि त्यातलं दुसरं माझ्या तोंडी बसलं. रूथ आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमधली नर्स, मी तिथेच भूल देणारी डॉक्टर. ती आधी एकटीच इकडे आली होती. ती रविवारी ज्या चॅपेलात जायची तिथला पाळक निवृत्त झाला, आणि पगार इतका तुटपुंजा की दुसरा कोणी फिरकेना. तिकडे नगरला तिचे वडील नुकतेच विधुर होऊन रिकाम्या घरात स्वतःपुरता चहा करत बसलेले. रूथनं दोन्हीकडची अडचण एका फटक्यात सोडवली. ते चर्चच्या व्हिसावर आले आणि लेसच्या जुन्या गोदामांमागच्या गल्लीतल्या त्या इंग्रज मंडळीचे नगरी पाळक होऊन बसले. "आमच्या पणज्याला गोऱ्या पाद्र्यांनी बायबल वाचून दाखवलं," ते म्हणत, "आता मी त्यांच्या भाऊबंदांना वाचून दाखवतोय. फिटंफाट."

मी पुण्याची, आणि देवाधर्माच्या बाबतीत पहिल्यापासून आळशी. त्या चॅपेलात मी पहिल्यांदा गेले ती रूथच्या आग्रहाखातर आणि, खरं सांगायचं तर, उपासनेनंतर मिळणाऱ्या तिच्या हातच्या मटण पॅटिसच्या आशेनं. बाकांवर मोजकी पांढरी डोकी होती. पाळकसाहेब उंच व्यासपीठावर उभे राहून खर्जातल्या, किंचित भेगाळलेल्या आवाजात प्रार्थना करत होते. आजाऱ्यांसाठी झाली, प्रवाशांसाठी झाली, तुरुंगातल्यांसाठी झाली, मग ते "आणि आता, प्रभो, या देशाच्या" इथवर आले आणि मध्येच थांबले. तोंड अर्धवट उघडं, नजर समोरच्या खिडकीवर खिळलेली, हात कठड्यावर घट्ट. क्षण गेले, कोणी हलेना. माझ्या वैद्यकीय डोक्यात एकच गोष्ट आली, की म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि या इंग्रजांना शिष्टाचारापायी ते बोलवत नाही. मी बाकांमधून धावत सुटले, व्यासपीठाच्या पायऱ्या चढले, त्यांचं मनगट पकडलं आणि मराठीत दटावलं, "अहो, बसा आधी खाली, बसा." त्यांनी मान न वळवता, ओठ जेमतेम हलवून सांगितलं, "डॉक्टरबाई, नाडी चालू आहे. राजासाठी थांबलोय. आल्यासारख्या तुम्हीपण थांबा."

आणि मग मी अख्ख्या मंडळीसमोर, परक्या धर्माच्या व्यासपीठावर, एका म्हाताऱ्याचं मनगट धरून उभी राहिले. सोडावं तरी पंचाईत, धरावं तरी पंचाईत. बोटांखाली त्यांची नाडी मात्र अतिशय शांत, एकसारखी चालली होती, आणि खाली रूथ रुमालात तोंड खुपसून हसत होती.

त्या थांबण्याची हकिकत त्यांनी मला नंतर पॅटिस खाता खाता सांगितली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्या चॅपेलात एक पाळक होते. पाळकसाहेब त्यांना जुनेबाबा म्हणत, जणू ते शेजारच्या आळीतले कुणी वयोवृद्ध गृहस्थ असावेत. राजाचं सरकारी चर्च न मानणारी ही मंडळी, त्यामुळे तिला ना सरकारी पद, ना विद्यापीठाचं दार उघडं. वाट्याला आला तो शेजाऱ्यांचा संशय. जुनेबाबा त्या काळच्या नव्या, बुद्धीला प्रमाण मानणाऱ्या विचारानं भारलेले होते. मोजे विणणाऱ्या कारागिरांच्या पोरांना ते काचेच्या लोलकातून ऊन फोडून दाखवत आणि सांगत, की बुद्धी हा देवानं ज्याच्या त्याच्या हाती दिलेला कंदील आहे, तो दुसऱ्याच्या हवाली करून आपण अंधारात चालायचं नसतं. फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. तिथल्या राजाचा शिरच्छेद झाल्याचं कळलं तेव्हा ते ढसाढसा रडले. मग दोन्ही देशांत युद्ध पेटलं आणि गावच्या न्यायाधीशाचा निरोप आला, की तुमच्याही चॅपेलात राजाच्या विजयासाठी प्रार्थना झाली पाहिजे, म्हणजे तुम्ही कुणाचे हे आम्हाला कळेल.

त्या रविवारी जुनेबाबा प्रार्थना करत राजाच्या नावापर्यंत आले आणि थांबले. त्यांनी शापही दिला नाही, आशीर्वादही मागितला नाही. मंडळी त्यांच्यासोबत थांबली. संध्याकाळी चर्चच्या आणि राजाच्या नावानं आरोळ्या ठोकत जमाव आला आणि त्यानं चॅपेलच्या काचा फोडल्या. क्रांतीचे चाहते उलट म्हणाले, की म्हातारा भित्रा आहे, काय ते तोंडानं बोलत नाही. म्हणजे इकडून थप्पड, तिकडूनही थप्पड. तरी ते दर रविवारी त्याच जागी थांबत राहिले, आणि ते गेल्यावरही मंडळीनं ती रीत मोडली नाही. राजे गेले, राण्या आल्या, साम्राज्य पसरलं आणि आटलं, आणि या एवढ्याशा चॅपेलात दर रविवारी राजाच्या नावाच्या जागी सगळे मुकाट्यानं उभे राहत आले.

त्या शांततेला प्रत्येक ऋतूत वेगळा आवाज असे. हिवाळ्यात भिंतीलगतचे रेडिएटर कुरकुरत, मार्चमध्ये बाहेरच्या एकुलत्या झाडावर ब्लॅकबर्ड गळा साफ करून घेई, उन्हाळ्यात ट्रामची घंटा आणि आदल्या रात्रीची दारू न उतरलेली एखादी वरात गल्लीतून गात जाई. पाळकसाहेब या सगळ्याला आत येऊ देत. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा एक विलक्षण निवांतपणा उतरे, भुवयांमधली ती कायमची आठी पुसली जाई, आणि म्हातारपणाच्या सुरकुत्यांखालून दहा-बारा वर्षांचा कुणी मुलगा वर येऊन समोर बघतोय असं वाटे. मी नंतर बऱ्याच रविवारी गेले ते, पॅटिसची शपथ, तो चेहरा बघायला.

शनिवारी दुपारी त्यांची वेगळीच उपासना चाले. दुसऱ्या दिवशीचं प्रवचन ते आधी मराठीत करत, रिकाम्या बाकांसमोर, पूर्ण आवाजात, हातवाऱ्यांसकट. नगरी हेल, त्यात जुन्या बायबलातलं संस्कृतप्रचुर मराठी, आणि मध्येच "हे काय पटत नाय बुवा" असं स्वतःलाच म्हणून थांबणं. माझी ड्यूटी लवकर सुटली की मी मागच्या बाकावर जाऊन बसे. जे मराठीत त्यांच्या जिभेवरून सहज उतरे तेवढंच ते रविवारी इंग्रजीत सांगत; जे उतरत नसे ते टाकून देत. "इंग्रजीत मला खोटंसुद्धा छान बोलता येतं," ते म्हणत, "म्हणून आधी घरच्या भाषेतून गाळून घ्यायचं." मधूनमधून ते जुनेबाबांशी वाद घालत. जुनेबाबांना बुद्धीचा फार भरवसा, यांना नव्हता तेवढा. "बाबा, तुमचा कंदील खरा," असं व्यासपीठाच्या लाकडी खांबाला ऐकवत, "पण वाऱ्यात धरून बघितलाय का कधी?" आणि असं वडीलधाऱ्याशी भांडून झालं की मुलासारखे खुश होत.

एकदा मी सहज विचारलं, की एवढी सगळी भक्ती या एका माणसावर का. ते बराच वेळ शालीचा दोरा ओढत बसले. मग म्हणाले, "असा बाप हवा होता, डॉक्टरबाई."

त्यांचे वडील, आबा, नगरजवळच्या एका खेड्यात पाळक होते. अंगात खादी, घरात चरखा, आणि तरी स्वातंत्र्य मिळेपर्यंत दर रविवारी मिशनच्या देवळात उभं राहून ते इंग्रज बादशहाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना म्हणत, कारण मिशनचा तसा दंडक होता. बाहेर प्रभातफेऱ्या निघत आणि आत खादीतला हा माणूस राजाचं नाव घेई. गावानं ते विसरायचं नाकारलं. इंग्रज गेले, राजाचं नाव गेलं, पण "साहेबाची माणसं" हे घराला चिकटलं ते चिकटलंच. पाळकसाहेब स्वातंत्र्यानंतर महिन्याभरानं जन्मले, म्हणजे राजाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तरी शाळेत त्यांनी त्या दोन शब्दांपायी मारामाऱ्या केल्या, एक दात पाडून घेतला. मोठेपणी एकदा त्यांनी आबांना सरळ विचारलं, तुम्ही का म्हणायचात? आबा सायकलची चेन बसवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. मुलानं त्याचा अर्थ लाज असा घेतला. ती अढी मनात तशीच राहिली, आबा गेले तरी राहिली, आणि मग सातासमुद्रापलीकडे, आबांनी ज्या गादीवरच्या राजाचं नाव घेतलं तिच्याच देशात, त्यांना एक असा पाळक सापडला ज्यानं नाव घेतलं नव्हतं.

आता तुम्हाला कळेल, की रूथनं नागरिकत्वाचा विषय काढला तेव्हा त्या घरात काय झालं असेल.

रूथचं चूक नव्हतं. नगरला पाळकसाहेबांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती, तिला दुसरं कोणी नव्हतं, आणि तिच्याजवळ जाऊन राहायचं हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पण इथल्या व्हिसाचा नियम असा, की फार काळ बाहेर राहिलात तर परतीचा हक्क जातो. रूथची आई गेली तेव्हा रूथ इथे नाइट करत होती. आईला मातीसुद्धा तिला देता आली नव्हती. बाप तिकडे अडकला, आणि पुन्हा कधी आपल्या दारात उभा राहू शकला नाही, तर काय करायचं, ही धास्ती तिनं घेतली. "पप्पा, ब्रिटिश पासपोर्ट घेऊन टाका," ती म्हणायची. "हवं तेव्हा जा, हवं तेवढं राहा, हवं तेव्हा या. मला दुसरं काही नको." त्यासाठी कौन्सिलच्या समारंभात उभं राहून राजाशी आणि त्याच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागते, हे तिलाही ठाऊक होतं. तिला ते बिकट वाटत होतं, अशक्य वाटत नव्हतं.

मला तर त्यात बिकटही काही वाटलं नाही. माझी शपथ मी लंच ब्रेकमध्ये उरकली होती. मनात एवढंच, की आता विमानतळावर लांब रांगेत उभं राहायला नको. हे मी पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते दुखावले नाहीत, फक्त माझ्याकडे अशा कुतूहलानं बघत राहिले, जसं एखाद्याला जन्मतः चवच कळत नाही हे ऐकून आपण बघू. मी मग पुणेरी वकिली केली. म्हटलं, जुनेबाबांनी नाकारलं ते दुसऱ्यांच्या वतीनं बोलायला. अख्ख्या मंडळीची निष्ठा त्यांना आपल्या जिभेनं वाहायची नव्हती. तुम्ही तर फक्त स्वतःपुरतं म्हणणार. त्यात ज्याचा त्याचा कंदील शाबूतच आहे.

"युक्तिवाद झकास आहे," ते म्हणाले. "मराठीत करून बघा." मी तेच पुन्हा मराठीत ठासून सांगायला लागले, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं, की मी आधीपासून मराठीतच बोलत होते. ते हसले, पण डोळ्यांनी नाही.

शेवटी त्यांनी एका रविवारी उपासनेनंतर मंडळीलाच विचारलं. चहाचे कप हातात घेऊन ती दहा-पंधरा म्हातारी माणसं उभी होती. पाळकसाहेबांनी सगळं सांगितलं, आणि विचारलं, की राजाची शपथ घेतलेला माणूस तुमच्या या व्यासपीठावर थांबलेला तुम्हाला चालेल का. मिसेस पेल, ज्या आयुष्यभर त्याच बाकावर बसत आल्या होत्या, बिस्किट चहात बुडवत म्हणाल्या, "आम्ही सगळे तर जन्मतःच त्याची प्रजा आहोत, डियर. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. तुम्ही नेहमीसारखे थांबा म्हणजे झालं." बिस्किट मऊ होऊन कपात पडलं, आणि चर्चा तिथेच संपली.

त्यानंतर त्यांनी होकार दिला. कधी, कसा, ते मला ठाऊक नाही. रूथनं थिएटरमध्ये मास्कच्या वरून डोळ्यांनीच सांगितलं.

समारंभाला रूथ आणि मी पाहुण्या म्हणून गेलो. मार्केट स्क्वेअरवरच्या त्या घुमटाच्या इमारतीत, गालिच्याच्या दालनात, राजाची तसबीर, बाजूला झेंडा, आणि खुर्च्यांवर जगभरातली माणसं आपापल्या ठेवणीतल्या कपड्यांत. कुणाच्या मांडीवर बाळ, कुणाच्या डोक्यावर उंच रंगीत फेटा बांधल्यासारखा रुमाल. शपथ देवाला साक्षी ठेवून घेता येते किंवा देवाला वगळून नुसतं वचनही देता येतं. पाळकसाहेबांनी देवाला साक्षी ठेवलं. "त्याला न बोलावता असलं काही केलं तर तोच नंतर विचारेल," असं ते येताना म्हणाले होते. अधिकारी बाई एकेक तुकडा सांगत होत्या आणि लोक मागून म्हणत होते, आपापल्या देशांच्या उच्चारांत, कुणी पुटपुटत, कुणी चुकत, कुणी फोनकडे हसून बघत. त्या गलबल्यातून पाळकसाहेबांचा आवाज वर आला. तोच खर्ज, तोच व्यासपीठावरचा भरीव, सावकाश आवाज. राजाच्या नावाशी मी श्वास धरला. इतक्या रविवारांची सवय, मला वाटलं आता ते थांबणार. ते थांबले नाहीत. त्यांनी नाव घेतलं, वारसांपर्यंत सगळं म्हटलं, एकही अक्षर न गाळता, एकदाही न अडखळता, आणि खाली बसून कोटाची बटणं नीट केली. रूथनं टाळ्या वाजवल्या. मला तिच्याकडे बघवलं नाही, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

बाहेर चौकात स्वच्छ, थंड उजेड होता. रूथ कॉफी आणायला गेली आणि आम्ही दोघं एका बाकावर बसलो. कबुतरं पायांशी येत होती. सवयीनं मी त्यांचं मनगट धरलं, आणि या वेळी नाडी धावत होती.

"आठवडाभर पाठ केली," ते म्हणाले. "मराठीत म्हणून बघितली. जीभ उचलेना. मग म्हटलं, राहू दे, इंग्रजीतच घोकू. अडखळून चालणार नव्हतं. अडखळलो असतो तर रूथला कळलं असतं."

मी मनगट सोडलं नाही.

"आबांनाही जडच गेलं असणार हो," थोड्या वेळानं ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "थोरली भावंडं तेव्हा लहान होती. मी पोटात होतो. राहायला मिशनची खोली, पोरांना मिशनची शाळा. नाव नसतं घेतलं तर दुसऱ्या दिवशी सगळी रस्त्यावर. एवढं साधं गणित, आणि मला ते उभ्या जन्मात सुचलं नाही. मला वाटत राहिलं की त्यांना लाज वाटली म्हणून गप्प बसले. लाज कसली? सांगितलं असतं तर ते ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं, की माझ्यामुळे बापाला असं करावं लागलं. म्हणून नाही सांगितलं त्यांनी. आणि मी त्यांच्याशी नीट बोललो नाही शेवटपर्यंत." ते रडत होते, अगदी उघडपणे, भर चौकात, आणि पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग कॉफीचे कप सावरत येणारी रूथ लांबून दिसली तशी त्यांनी भराभरा डोळे कोरडे केले. "तिला यातलं काही सांगू नका," ते म्हणाले. मी मान हलवली.

पुढच्या वसंतात ते नगरला गेले. एकदा परत आले, दोन महिने राहिले, दर रविवारी व्यासपीठावर चढले आणि त्या जागी थांबले, पूर्वीसारखेच. रूथच्या मुलांना त्यांनी शेतातल्या विहिरीच्या गोष्टी सांगितल्या, माझ्या सांध्यांसाठी कसलंसं उग्र वासाचं तेल दिलं, आणि पुन्हा बहिणीकडे गेले. तिथेच एका थंडीत, तिला पेज भरवून झाल्यावर, जरा पडतो म्हणून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बहीण अजून आहे. रूथला या वेळी पोचता आलं, माती देता आली. नगरच्या दफनभूमीत आबांच्या शेजारी जागा होती.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी रूथ कामावर रुजू झाली. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात आम्ही कॉफी रूममध्ये बसलो होतो. ती तिथलं सांगत होती, लोक किती आले, कोणी काय गायलं. मग कप टेबलावर फिरवत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मॅडम, एक सांगू? कुणाला बोलले नाहीये. शपथेच्या दिवशी मला कसंतरीच झालं होतं. मीच मागे लागले होते हे खरं. पण मला वाटलं होतं, पप्पांना थोडं तरी जड जाईल. इतकी वर्षं तिथे थांबायचे ना ते. आणि त्या दिवशी धडाधड म्हणून मोकळे झाले, एकदासुद्धा अडले नाहीत. वाटलं, मग ते थांबणं नुसतं रिवाजाचंच होतं का? त्या दिवसापासून माझ्या मनातले पप्पा जरा लहान झाले. आता ते गेल्यावर असं वाटतंय याचंच जास्त वाईट वाटतंय."

बाकावर धरलेलं ते धावतं मनगट अजून माझ्या बोटांत होतं. पण मी शब्द दिला होता, आणि तेवढ्यात बोलावणं आलं; आम्ही हात धुतले, मास्क चढवले आणि आत गेलो. कुणाच्या तरी नसेत औषध सोडताना मी त्याला उलटे आकडे मोजायला लावले आणि रूथ पलीकडे उभी राहून त्याचा हात धरून होती, तिच्या वडिलांसारखीच, न बोलता.

त्याला आता वर्ष होत आलं. या वर्षात मी बराच विचार केला आहे. पाळकसाहेब मला म्हणाले होते, सांगू नका. लिहू नका असं काही म्हणाले नव्हते, आणि हे ज्या अंकात छापून येईल तो मी स्वतः रूथच्या हातात देणार आहे. एका बापानं मुलासाठी गिळलं ते मुलाला कळायला एक अख्खं आयुष्य गेलं. तसंच दुसरंही जावं, हे मला मान्य नाही. आपल्या माणसांनी आपल्यासाठी काय काय सोसलं हे उमगायला त्यांच्या वयाला पोचावं लागतं म्हणतात, आणि तिथे पोचून मागे वळून हाक मारावी, तर ओ द्यायला घरात कोणी उरलेलं नसतं.